वाळवेकरांच्या घरातला गहू

"या विकारावर औषध नाही व औषधाची आवश्यकताही नाही. फक्त गहू बंद करावा. महाराष्ट्रात ज्वारी व तांदूळ मुबलक असल्याने पालकांना कोणतीही अडचण येत नाही."

हे विधान एका रुग्णालयाने गुलाबी कागदावर छापून पालकांना विनामूल्य वाटलेले आहे. मजकुराच्या वर एक हसरे बालक असून त्याच्या हातात पावाचा जाडजूड तुकडा आहे. मुद्रकाच्या संग्रही हसणारे दुसरे बालक नसावे. विधानात वाक्ये तीन. पैकी पहिले खरे आहे, आणि लेखकाने तिथेच थांबायला हवे होते. दुसऱ्या वाक्यातला 'फक्त' हा शब्द ज्याने लिहिला त्याला शेजारी नसावेत, नातेवाईक नसावेत आणि सत्यनारायणाला कोणी बोलावत नसावे. गहू बंद करावा म्हणजे नळ बंद करावा तसा, एका हाताने. वस्तुतः आपल्याकडे गहू हे धान्य कमी आणि लोकव्यवहार अधिक आहे. पूजेचा कलश गव्हाच्या राशीवर बसतो, सवाष्णीची ओटी गव्हाने भरतात. बारशाला घुगऱ्या, प्रसादाला शिरा, वाढदिवसाला केक, पाहुण्याला शेवयांची खीर आणि समाचाराला आलेल्याला चहासोबत खारी. गहू वगळून या प्रदेशात माणसाला नीट जन्मताही येत नाही आणि रीतसर मरताही येत नाही. उरले तिसरे वाक्य. त्याच्या खंडनासाठी सांगलीच्या विश्रामबागेतील वाळवेकर कुटुंबाचे सहा महिने पुरेसे आहेत.

प्रा. डॉ. मुकुल वाळवेकर हे एका महाविद्यालयात इतिहास विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरे कोणी नसल्याने या पदाला आजवर आव्हान मिळालेले नव्हते. पत्नी उमा बँकेत अधिकारी. माहेर पलूस तालुक्यातले कुंडल. मुलगी ऋचा, वय साडेचार, वजन बारा किलो. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मात्र एखाद्या निवृत्त मामलेदाराचे. वर्षभर त्या पोटावर जंताचे औषध, ओव्याचा शेक, मीठमोहऱ्यांची दृष्ट आणि तीन डॉक्टर असे उपचार झाल्यावर चौथ्या डॉक्टरांनी रक्त तपासले. टीटीजी नावाचा एक आकडा असतो, तो वीसच्या आत हवा. ऋचाचा दोनशे बारा निघाला. मग भूल देऊन घशातून नळी उतरवली, आतड्याचा कण काढून तपासला आणि सीलिअ‍ॅक असे निदान झाले. गव्हातले ग्लूटेन नावाचे एक प्रथिन तिचे आतडे आतून झिजवत होते. चिमूटभर पोटात गेले तरी झीज पुन्हा सुरू व्हायची. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, डॉक्टर म्हणाले. आकडा उतरला तर मुलगी वाढीला लागेल. न उतरल्यास पुण्याला जाऊन पुन्हा नळी. या संपूर्ण संभाषणातला एकच शब्द ऋचाला समजला, आणि त्या दिवसापासून कुंड्यांना पाणी घालायची नळी दिसली तरी ती जिन्याखाली जाऊन बसू लागली.

उमाने पत्रक फ्रिजवर चिकटवले आणि त्याच संध्याकाळी घरातला गहू बाहेर काढला. कणीक गेली, रवा गेला, शेवया गेल्या, बिस्किटे गेली. मग तिने डब्याडब्यांवरची बारीक अक्षरे वाचायला घेतली आणि हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ लिहिलेले पाहून तिने ती डबीही बाहेर काढली. म्हणजे इतकी वर्षे वरणाच्या प्रत्येक फोडणीत गहू होता. सोळा सदनिकांच्या त्या इमारतीत ही बातमी जिन्याने वर गेली आणि सल्ला होऊन खाली आली. समोरच्या राजेश्वरीवहिनी म्हणाल्या की गहू नको हे समजलं, पण रव्याला काय हरकत आहे, रवा कुठे गहू असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे मत मैद्याच्या बाजूने पडले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सुचवले की रोज कणभर देऊन सवय करावी, त्यांच्या भावाला तंबाखूची अशीच झाली होती. सर्वांचे एका मुद्द्यावर मात्र एकमत होते: प्रसादाने काही होत नाही.

ज्वारीची भाकरी हा उपाय पत्रकाने सुचवलेला असल्याने तो सोपा असणार, अशी उमाची पहिली समजूत होती. ती केरबाच्या गिरणीत टिकली नाही. केरबा हा सज्जन गिरणीवाला. ज्वारी नेहमी ज्वारीवरच टाकायची, गव्हावर टाकायची नाही, हा त्याचा बापापासूनचा नेम. परंतु पहिल्या ज्वारीच्या आधी काय असते, हा प्रश्न त्याच्या बापालाही कोणी विचारला नव्हता. उमाने विचारला. केरबाने चक्कीच्या तोंडात तीनदा जोरात फुंकर मारली, लाकडी ठोकळ्याने डब्याला दोन तडाखे दिले आणि म्हणाला, "झालं बघा म्याडम, आता आत गव्हाचं नाव न्हाई." पुढचे अर्धा किलो ज्वारीचे पीठ गव्हासारखे गोरेपान पडले.

म्हणून घरघंटी घ्यायचे ठरले. कुपवाडच्या एका कारखान्यात तयार झालेले, कपाटाएवढे, समोर काच असलेले ते यंत्र दोन माणसांनी जिन्यातून वर आणले. त्यामागून प्रात्यक्षिक दाखवणारा गृहस्थ आला, त्याने हार घातला, नारळ वाढवला, आणि उमा पाण्याचा तांब्या आणायला आत गेली तेवढ्यात आपल्या पिशवीतला दोन किलो गहू यंत्रात ओतून बटण दाबले. ज्या यंत्राचा जन्म गहू दूर ठेवण्यासाठी झाला, त्याच्या घशात पहिला घास गव्हाचा गेला. उमाने जाब विचारला तेव्हा तो गृहस्थ खरोखर चकित झाला. "मॅडम, डेमो गव्हावरच असतो. ज्वारीवर डेमो दिला तर वॉरंटी चालू होत नाही," तो म्हणाला. यंत्र परत गेले. दुसरे यंत्र ज्वारीवर चालू करण्यासाठी कारखान्याने लेखी विनंती, आजाराचा दाखला आणि 'ज्वारीमुळे उद्भवणाऱ्या परिणामांस कंपनी जबाबदार नाही' असे हमीपत्र मागितले. पाच आठवडे ही यात्रा चालली. तोवर ऋचा भातावर राहिली. यंत्र आल्यानंतरच्या रविवारी राजेश्वरीवहिनी दोन किलो गहू घेऊन दारात उभ्या राहिल्या, कारण मशीन रिकामीच तर पडून असते. उमाने नाही म्हटले. शेजारणीला दळण नाकारण्याचा प्रकार त्या इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडत होता. पुढचे काही दिवस वाळवेकरांना कोणी कढीपत्त्याची काडीही दिली नाही.

इथवरची हकीकत उमाची आहे, आणि इथवर तिच्यात दोष काढण्याजोगे काही नाही. परंतु घरात आणखी एक विद्वान होता.

प्राध्यापकांची या सहा आठवड्यांत फार मानहानी झाली. महाविद्यालयात चहासोबत दोन बिस्किटे खाल्ली तर घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुवावे लागत, आणि सदरा झटकून गॅलरीत टाकावा लागे. बाहेर मिसळपाव खाल्ला तर मुलीचा पापा घ्यायची बंदी. हे सर्व नियम ज्या पत्रकातून निघाले त्याला लेखक नव्हता, प्रकाशनवर्ष नव्हते, एकही तळटीप नव्हती. ज्या माणसाने मोडी दफ्तरांतल्या एका तारखेवरून दोन संशोधकांशी आयुष्यभराचे वैर घेतले, त्याने गुलाबी कागदाचे तीन वाक्यांचे फर्मान मुकाट्याने मानावे, ही अपेक्षाच गैर होती. प्राध्यापक वाचू लागले. गॅझेटियरे, शेतीचे जुने अहवाल, धान्यांचे इतिहास आणि मोबाइलवरचे काही अत्यंत आत्मविश्वासपूर्ण व्हिडिओ. त्यांना आढळले की कृष्णाकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गहू खात आले आणि एकालाही हा विकार झाल्याची नोंद नाही. त्या पिढ्यांचा टीटीजी कोणी तपासला नव्हता, ही बाब त्यांना गौण वाटली. निष्कर्ष स्पष्ट होता: दोष गव्हाचा नाही, आधुनिक संकरित गव्हाचा आहे. आणि आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत तर त्याहून जुने धान्य आजही पिकते. खपली.

नेमक्या याच वेळी साताऱ्याहून निमंत्रण आले. तिथे 'देशी धान्य संमेलन' भरणार होते. संयोजक वीरधवल हे पूर्वी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे विक्रेते होते. सध्या ते स्वतःला धान्यऋषी म्हणवत. ठरलेले अध्यक्ष ऐनवेळी आजारी पडल्याने त्यांना एका डॉक्टरेटची तातडीने गरज होती. प्राध्यापकांना हा तपशील कळवण्यात आला नाही, आणि त्यांनी विचारला नाही. व्यासपीठामागच्या फलकावर 'खपली: ग्लूटेनमुक्त, मधुमेहमुक्त, चिंतामुक्त' असे लिहिलेले होते. शाल आली, श्रीफळ आले, फेटा आला आणि मानधनाच्या जागी पाच किलो खपलीची कापडी पिशवी आली. फेटा डोक्यावर असताना माणसाची विवेकबुद्धी किती दाबली जाते यावर अद्याप संशोधन झालेले नाही. अध्यक्षीय भाषणात प्राध्यापकांनी चाळीस श्रोत्यांसमोर सांगितले की खपली हा गहू नव्हेच. गहू ही कल्पना जन्मण्यापूर्वीचे ते धान्य आहे. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्राने 'खपली हा गहू नव्हे: इतिहास संशोधकांचा निर्वाळा' असा मथळा दिला. प्राध्यापकांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतले आणि आठवड्याभरात त्याचा संदर्भ म्हणून उपयोग करू लागले. विद्वत्तेच्या इतिहासात माणसाने स्वतःच्याच मताला इतक्या झटपट दुजोरा मिळवल्याची उदाहरणे थोडी आहेत, पण ती सर्व याच प्रकारची आहेत.

एक शासकीय कागद असावा म्हणून ते कृषी कार्यालयातही गेले. खपली गहू नसल्याचा दाखला हवा, असा त्यांचा अर्ज होता. आवक विभागाने तो 'इतर' या सदरात घेतला, तीन खेपांनंतर तो ऋषिराज नावाच्या तरुण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचला. त्याने पेरणीचा तक्ता उलगडून दाखवला. मोठा रकाना गव्हाचा, त्याच्या पोटात छोटा रकाना: पैकी खपली.

"सर, कागदोपत्री खपली म्हणजे गहूच," ऋषिराज म्हणाला. "रकाना बदलायचा तर वरून बदलावा लागतो."

प्राध्यापकांनी या वाक्यातला 'कागदोपत्री' एवढाच शब्द बरोबर नेला. कागदोपत्री गहू, म्हणजे प्रत्यक्षात नव्हे. आयुष्यभर कागदपत्रांवर पोट भरलेल्या माणसाला कागदाचा एवढा तिटकारा त्या एकाच दिवशी आला.

उमा सकाळी नऊला बँकेत जाई. ऋचाची बालवाडी अकराला भरे. मधले दोन तास प्राध्यापकांच्या स्वाधीन. तिसऱ्या महिन्यापासून ते पुस्तकांच्या रांगेमागे लपवलेल्या स्टीलच्या डब्यात खपली भिजत घालू लागले. उमा गेली की कुकर लावायचा, गूळ, नारळाचे दूध, जायफळ. या खिरीला या भागात हुग्गी म्हणतात आणि लग्नाच्या पंगतीत ती वाढायला आली की माणसे गप्पा थांबवतात. भात आणि भाकरीवर दोन महिने काढलेल्या ऋचाने पहिला चमचा तोंडात घेतला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडेच ठेवले. प्राध्यापकांना भरून आले. पत्रकाने जे हिरावून घेतले ते विद्येने परत दिले होते. सहा महिन्यांनी आकडा उतरला की कात्रण आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून उमाला दाखवायचे, असा त्यांचा बेत होता.

"बाबा, यात गहू आहे?" ऋचाने एकदा विचारले. तिला आईने हा प्रश्न प्रत्येक खाऊबद्दल विचारायला शिकवले होते.

"नाही. ही खपली आहे," बाबा म्हणाले. "आईला मात्र सांगायचं नाही. गंमत आहे."

ऋचाने विश्वास ठेवला, कारण बाबांकडे पुष्कळ पुस्तके होती. प्राध्यापक रोज वहीत नोंद करत: एक वाटी, आनंदाने. उमा येण्यापूर्वी ते कुकर साबणाने दोनदा घासत, तिच्या भाकरीच्या परातीला त्याचा स्पर्शही होऊ देत नसत. जे धान्य गहू नव्हते त्याचा कुकर दोनदा का घासावा, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारला नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हे आधी शिकावे लागते.

सहा महिने झाले. रक्त गेले, अहवाल आला. टीटीजी दोनशे चाळीस. वजन साडेअकरा किलो.

डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. मुलीला कुठून तरी गहू मिळतो आहे, ते म्हणाले. अधूनमधून नव्हे, रोज. उमा म्हणाली की ते शक्य नाही. तिने मशीन सांगितले, हिंग सांगितला, दाराबाहेर काढलेल्या चपला सांगितल्या. डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी लिहिली आणि बारा तारीख दिली. मग आत दुसराच काही विकार असेल तर पाहावे लागेल, असे ते हळू आवाजात म्हणाले. परंतु नळी हा शब्द हळू आवाजातही ऐकू येतो. घरी आल्यावर ऋचाला जिन्याखालून बाहेर काढायला एक तास लागला. ती रडत नव्हती. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

या प्रसंगी प्राध्यापकांनी जे केले ते त्यांच्या शिक्षणाला साजेसे होते. त्यांनी चौकशी आरंभली. चौदा प्रश्नांची प्रश्नावली तयार करून तिच्या छायाप्रती काढल्या. बालवाडीच्या शिक्षिका साक्षीबाईंनी उत्तरादाखल दोन पानी खुलासा दिला, त्याचा सारांश असा की शाळा निर्दोष असून पालकांचा सूर बरा नाही. राजेश्वरीवहिनींनी प्रश्नावली वाचून तशीच परत केली आणि इतकेच विचारले की हे पोलिसांकडून आले आहे का. धुणीभांडी करणाऱ्या राहीबाईला प्राध्यापकांनी समोर बसवून प्रश्न वाचून दाखवले. आठ वर्षांची नोकरी झालेली ती बाई सहाव्या प्रश्नापर्यंत शांत होती. मग म्हणाली, "आवं सर, ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या पुस्तकामागचा त्यो डबा कवा घासायचा, ते सांगा आधी."

प्राध्यापकांनी या उत्तरापुढे 'विषयांतर' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवसापासून राहीबाई आली नाही. उमा बँकेतून येऊन भांडी घासू लागली.

ऋचालाही विचारण्यात आले. गहू कोणी दिला? कोणी नाही, ती म्हणाली. प्राध्यापकांनी साक्षीदाराचा प्रामाणिकपणा वाखाणला. संशयितांच्या यादीत आता एकच नाव उरले होते, आणि खरे सांगायचे तर ते त्यांच्या मनात पहिल्यापासून होते. दिवाळीत ऋचा दहा दिवस कुंडलला आजीकडे राहिली होती. उमाची आई शालूबाई, शिक्षण चौथी, घरी ऊस, मोठा मुलगा दिग्विजय सैन्यात, अंगणात धान्याच्या कणग्या. जिथे गहू पोत्याने असतो तिथे दुसरीकडे शोधायचे कशाला? उमा म्हणाली की आई असे करणार नाही. प्राध्यापक म्हणाले की अडाणी माणसाच्या हेतूवर त्यांचा आक्षेप नाही, ज्ञानावर आहे. हे वाक्य त्यांना इतके आवडले की रविवारी पलूसपर्यंतच्या रस्त्यात त्यांनी ते आणखी दोनदा वापरले. मागच्या सीटवर ऋचा बारा तारखेला किती दिवस उरले ते बोटांवर मोजत होती.

शालूबाईंनी जावयाला चहा दिला आणि प्रश्नावली ऐकून घेतली. उत्तर त्यांनी तोंडी दिले नाही, उठून दाखवले. नात येणार म्हटल्यावर त्यांनी भाकरीला नवी काथवट घेतली होती आणि नवा तवा. गावच्या गिरणीत गहू पडतो म्हणून गहू कधी न पाहिलेले माळ्यावरचे जाते उतरवून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दहा दिवस रोज पहाटे त्यांनी नातीपुरती ज्वारी हाताने दळली होती. दिवाळीला घरात ना करंजी झाली ना शंकरपाळी. पोरगी बघत बसेल आणि आपण खायचे, हे त्यांना जमले नसते. घरातला सगळा गहू त्यांनी गल्लीपलीकडे चुलत दिराच्या घरी हलवला होता. तो अजून तिथेच होता, कारण नात पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. प्राध्यापकांच्या प्रश्नावलीतल्या चौदा प्रश्नांपैकी एकालाही जागा उरली नाही. अशा वेळी सभ्य माणूस चहाची स्तुती करतो. प्राध्यापकांनी केली.

"माझं झालं, जावायबापू," शालूबाई खाली बसत म्हणाल्या. "आता तुमी सांगा. तुमच्यात पोरगी सकाळच्या पारी काय खाती?"

"भाकरी," उमा म्हणाली. "दूधभाकरी."

"खीर पण," ऋचा म्हणाली. ती उंबऱ्यावर मांजराच्या पिलाला घेऊन बसली होती. "बाबा देतात. गव्हाची नाही, खपलीची." मग तिला काहीतरी आठवले आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

शालूबाई उठल्या, गल्ली ओलांडून गेल्या आणि ओंजळभर दाणे घेऊन आल्या. त्या ओंजळीकडे त्यांनी एकदा पाहिले, एकदा जावयाकडे.

"ही व्हय? ही बी मी गव्हासंगट तिकडंच नेऊन ठिवली हुती. लोकवन काय आन् खपली काय, कांडून खाल्ली तरी गहूच की. आमी पेरतो, आमाला ठावं हाय. लेकराला न्हाई कळायचं. तुमाला तर कळत आसंल?"

उमाने दाणे पाहिले नाहीत. तिने आधी फोन लावला. रविवार असूनही डॉक्टरांनी उचलला. किती दिवस, रोज किती, शेवटची वाटी कधी, हे तिने ऋचाला आणि नवऱ्याला विचारून, बँकेत बोलतात त्या आवाजात, एकेक सांगितले. शुक्रवारपर्यंत, रोज एक वाटी. डॉक्टरांनी पुण्याची तारीख रद्द करायला सांगितली. तीन महिने खरोखरच काही जाऊ द्यायचे नाही आणि मग फक्त रक्त. "नळी नाही," उमा ऋचाला म्हणाली. ऋचाने तोंडावरचा हात काढला आणि पिलू पुन्हा उचलून घेतले.

"पोरगी हितंच ऱ्हाईल तीन म्हैनं," शालूबाई म्हणाल्या. कोणी विरोध केला नाही. बालवाडीला कळवायचे आणि राहीबाईच्या घरी जाऊन माफी मागायची, ही दोन कामे उमाने तिथेच फोनमध्ये टिपून ठेवली.

मग तिने नवऱ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अंगणात दुसरा कोणी विद्वान नव्हता, संयोजक नव्हता, टाळ्या वाजवायला माणसे नव्हती. होत्या त्या दोन बायका आणि साडेअकरा किलो वजनाची एक मुलगी. त्यांनी दिलेले उत्तर पुढे अक्षरशः उतरवले आहे.

"वाचलं होतं. एका नव्हे, तीन पुस्तकांत, गव्हाच्याच प्रकरणात. पानांचे क्रमांकही सांगू शकतो. पण तोवर माझं भाषण होऊन गेलं होतं."